दाजींचे नऊ दिवस

दाजी सुमोतून उतरले तेव्हा त्यांच्या पायांत लोकरी मोजे होते आणि मोज्यांवर चामडी चपला. डोक्याला माकडटोपी, अंगात कारखान्याचं खाकी जर्किन, हातात रेक्झिनची पिशवी. बर्फ नुकताच पडायला लागला होता. ते दोन पावलं चालले, घसरले, सुमोच्या दाराला धरून कसेबसे उभे राहिले आणि म्हणाले, "वृषाली, इथं चालायचं कसं गं?"

मी रशीदचाचांच्या दुकानाच्या पायरीवर बोर्डाला मेण लावत बसले होते. हातातली मेण वितळवायची इस्त्री तशीच राहिली.

"दाजी? तुम्ही इथं?"

"अण्णांनी पाठवलं," ते म्हणाले. "तुला घेऊन ये म्हणाले."

याला आता पंधरा वर्षं झाली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. पुण्यातली नोकरी सोडून गुलमर्गला आले होते, अख्खा हिवाळा स्नोबोर्डवर काढायला. दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर बांधायचे आणि बर्फाच्या उतारावरून आडवं उभं राहून खाली यायचं, हा तो खेळ. आधीचे तीन हिवाळे पंधरा-पंधरा दिवसांची रजा काढून मी तो शिकले होते. दर वेळी परतीच्या गाडीत बसलं की काहीतरी अर्धं टाकून चाललोय असं वाटायचं. त्या वर्षी ठरवलं, अर्धं टाकायचं नाही. कराडला घरी सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "आम्ही स्थळं बघतोय आणि तू घसरगुंडी खेळायला चाललीस." त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नव्हते.

रशीदचाचांचं स्की आणि बोर्ड भाड्याने द्यायचं लाकडी दुकान होतं. मागच्या खोलीत मी राहायचे आणि त्याच्या बदल्यात दुकानातल्या बोर्डांची डागडुजी करायचे. डिसेंबर पूर्ण कोरडा गेला होता. बर्फच नाही. मी दर दोन तासांनी बाहेर जाऊन आभाळ बघायचे. चाचा म्हणायचे, "बेटी, देखने से नहीं गिरती." तरी मी बघायचे. जेवताना उठून बघायचे. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी निवड चाचणी होती. देशभरातून अकरा मुली येणार होत्या, त्यातल्या चौघींना पुढच्या मोठ्या स्पर्धेला नेणार होते. अण्णांपुढे ठेवायला माझ्याकडे काहीतरी हवं होतं, आणि ते त्या शनिवारीच मिळणार होतं.

आणि नेमके आता दाजी आले होते.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, धनंजय शिर्के. ताईचं लग्न झालं तेव्हा मी नववीत होते. मला मोटारसायकल त्यांनी शिकवली, इंजिनिअरिंगला घालायला अण्णांना त्यांनीच तयार केलं. साखर कारखान्यात ते केमिस्ट होते. गळिताचा हंगाम नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, आणि त्या दिवसांत त्यांना रजा कधीच मिळायची नाही. स्वतःच्या वडिलांच्या दहाव्यालासुद्धा ते अर्धा दिवस आले होते.

"रजा दिली कारखान्यानं?" मी विचारलं.

"दिली," ते म्हणाले आणि चहाच्या पेल्याभोवती हात धरून बसले.

मी पुढे विचारलं नाही. माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. आता भांडण होणार, आणि ते कधी होणार, एवढंच.

चाचांनी त्यांची झोपायची सोय स्वतःच्या शेजारी, पुढच्या भागात, लाकडं जाळायच्या लोखंडी बुखारीपाशी केली. त्या संध्याकाळपासून तीन दिवस बर्फ थांबला नाही. रस्ता बंद, वर जाणारी लिफ्ट बंद, दुकानातला फोनही बंद. परराज्यातले मोबाइल तिथे चालतच नसत; सगळी वस्ती त्या एका फोनवर. मी खोलीत येरझाऱ्या घालायचे. इतके दिवस बर्फ नाही म्हणून आणि आता बर्फ थांबत नाही म्हणून. दाजी चाचांबरोबर दारातला बर्फ फावड्याने ओढायचे, आत येऊन हात शेकायचे, आणि परत जायच्या गोष्टीला स्पर्शही करायचे नाहीत.

तिसऱ्या दिवशी मलाच राहवेना.

"दाजी, मी येणार नाही."

ते बुखारीत लाकूड सारत होते. "बरं."

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे बरं. चाचणी कधी आहे तुझी?"

"पुढच्या शनिवारी."

"मग शनिवारनंतर बघू." थोड्या वेळाने म्हणाले, "तोवर मला जरा शिकव की ते."

मी भांडायची इतकी तयारी केली होती की मला एकदम हलकं वाटण्याऐवजी चिडायलाच झालं.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. चाचांनी दाजींना जुने बूट दिले, एक ओरखडे पडलेला बोर्ड दिला. सकाळी मी सराव करायचे आणि दुपारी तासभर त्यांना लहान मुलांच्या उतारावर घेऊन जायचे. त्रेचाळीस वर्षांचा, पोट थोडं सुटलेला माणूस माकडटोपी घालून सहा-सहा वर्षांच्या पोरांमध्ये आपटत होता. पहिल्या दिवशी मी मोजलं, एकतीस वेळा पडले. पडले की तसेच पडून राहायचे, आभाळाकडे बघत. मी धावत जायचे.

"लागलं का?"

"नाही. बरं वाटतंय."

"मागच्या कडेवर वजन टाका. गुडघे वाकवा. खाली बघू नका, जिकडे जायचंय तिकडे बघा."

"कुठं जायचंय तेच तर," ते म्हणाले, आणि स्वतःशीच हसले.

बुधवारी आम्ही उताराच्या मध्यावर बसलो होतो. समोर मोठ्या उतारावर लोक चाचणीचे लाल-निळे झेंडे रोवत होते. त्या झेंड्यांना वळसे घालत कमीत कमी वेळात खाली यायचं होतं. मी एकेक झेंडा नजरेने मोजत होते, कुठे कड टेकवायची, कुठे सोडायची.

"तू इथं का येतेस?" दाजींनी विचारलं.

"आवडतं म्हणून."

"ते लोकांना सांगायचं झालं. मला सांग."

मी जरा विचार केला. "मला एका जागी बसवत नाही, दाजी. ऑफिसात खुर्चीत बसले की असं वाटायचं, कुणीतरी बाहेरून हाक मारतंय. इथं वरून सुटले की खाली येईपर्यंत ते थांबतं."

"आणि खाली आल्यावर?"

"परत वर जावंसं वाटतं."

ते हातमोज्यावरचा बर्फ झटकत राहिले. "मलाही बसवत नाही गं. दोन वर्षं झाली. पॅनपाशी उभा असतो, रस उकळत असतो, सगळं नीट चाललेलं असतं. आणि वाटतं, आत्ता इथून निघावं. कुठं जायचं असं काही नाही. नुसतं निघावं. तुझं बरं आहे, तुला ही फळी सापडली. कुणी विचारलं तर सांगता तरी येतं. मी काय सांगू?"

"ताईला सांगायचं."

"काय सांगू तिला? तुझ्यावर राग नाही, पोरीवर, सईवर राग नाही, घर चांगलं आहे, पण मला निघावंसं वाटतंय? ती म्हणेल, माझंच काहीतरी चुकलं."

समोर शेवटचा झेंडा रोवला जात होता, आणि तो मला वाटलं होतं त्यापेक्षा फार आत होता.

"होतं असं कधी कधी," मी म्हणाले आणि बोर्डाचे पट्टे आवळायला लागले.

शुक्रवारी दुपारी चाचांनी हाक मारली. फोन चालू झाला होता. दर रविवारी मी ताईला फोन करायचे आणि तो रविवार बुडाला होता, म्हणून लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"हॅलो, तुम्ही का?" ताई म्हणाली.

"ताई, मी. वृषाली."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, "वृषे. किती दिवस लावतेय गं तुला."

"लाइन बंद होती. काय झालं?"

"हे तुझ्याकडे आलेत का?"

दुकानाच्या खिडकीतून मला दाजी दिसत होते. बोर्ड काखेत धरून ते एका पोराकडून काहीतरी शिकून घेत होते, गुडघे वाकवून, हात पसरून.

मला सगळं कळलं. अण्णांनी पाठवलं नव्हतं. रजा नव्हती. कुणाला काही माहीतच नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर ताईने त्यांना फोनवर बोलवायला सांगितलं असतं, मग रडारड, मग मलाच त्यांना सोबत घेऊन खाली उतरावं लागलं असतं, आणि अण्णा म्हणाले असते की हिनंच लपवून ठेवलं. हे सगळं मी नंतर स्वतःला सांगितलं. त्या क्षणी मला फक्त शनिवार सकाळचे दहा दिसले.

"नाही," मी म्हणाले. "इथं नाहीत."

"बरं." ताईचा आवाज कोरडा होता. "आज अकरा दिवस झाले. कारखान्यात डबा खाल्ला, हात धुतले आणि गेले. फोन घरीच ठेवून. भांडण नाही, काही नाही. पोलिसांत दिलंय. उद्या मळ्यातली विहीर उपसायची म्हणतात. भावजी म्हणाले, एकदा बघून घेऊ."

"ताई, असलं काही मनात आणू नकोस. येतील ते."

"खरं म्हणतेस?"

"नक्की येतील. मी सांगते ना."

तेवढ्यात खरखर झाली आणि लाइन तुटली. मी पुन्हा नंबर फिरवला. लागला नाही. आणखी एकदा फिरवता आला असता. मी रिसीव्हर ठेवला.

"सब ख़ैरियत?" चाचांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

संध्याकाळी दाजींनी चाचांच्या चुलीवर पिठलं केलं. पिशवीत घरचं डाळीचं पीठ आणलं होतं, ते त्या दिवशी संपवलं. चाचांना फार तिखट लागलं, पण त्यांनी दोनदा घेतलं. दाजी खुशीत होते. "आज दोन वळणं लागोपाठ आली," ते म्हणाले. "एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे पडलो नाही." हाताने वळणं काढून दाखवली. मी माझ्या ताटातलं पिठलं तसंच ठेवलं. मी चाचणीची काळजी आहे म्हणाले, आणि त्यांना ते खरं वाटलं.

सकाळी आभाळ निळं होतं. दोन फेऱ्या होत्या आणि दोन्हींची वेळ मिळून क्रमांक ठरायचा. पहिल्या फेरीत मी पाचवी आले. चौघींत यायला दुसरी फेरी तोडीची उतरायला हवी होती.

वर फाटकाशी उभी असताना मी घड्याळ पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. एव्हाना मळ्यात मोटारी लावल्या असतील. पाणी पाटाने उसात जात असेल, आणि काठावर भाऊबंद वाकून उभे असतील. ताई तिथे असेल का घरात, एवढंच मला कळत नव्हतं. पंचाने हात वर केला. मी मूठ आवळली आणि सुटले.

त्या फेरीत मी जशी उतरले तशी त्याआधी कधी उतरले नव्हते आणि त्यानंतरही कधी नाही. पाय माझे नव्हतेच जणू. झेंडे आपणहून बाजूला होत होते. त्या आतल्या झेंड्यालाही मी खांदा घासून वळले. खाली रेषा ओलांडली तेव्हा थांबायचंच लक्षात आलं नाही, दोरीला जाऊन अडकले.

मी तिसरी आले.

दाजी बर्फातून धावत आले, मध्येच गुडघ्यावर पडले, उठले. त्यांच्या मिश्यांवर बर्फ साचला होता. "तिसरी," ते म्हणाले. "अगं, तिसरी." त्यांनी माझ्या डोक्यावरच्या हेल्मेटवर दोनदा थोपटलं. मग हळूच म्हणाले, "आता ताईला फोन लाव. तुझं सांग. आणि मीही बोलतो. तुला म्हणालो ते खरं नव्हतं, वृषाली. मला कुणी पाठवलेलं नाही. मी असाच आलोय. पण आज बोलवेल मला तिच्याशी."

"मला माहीत आहे," मी म्हणाले.

"काय?"

"काल फोन लागला होता, दाजी. ताई तुम्हाला शोधतेय." मी हेल्मेट काढलं. "मळ्यातली विहीर उपसतायत आज."

"कशाला?" त्यांनी विचारलं. आणि विचारता विचारताच त्यांना कळलं. माकडटोपी त्यांनी काढून हातात घेतली. त्यांचं टक्कल मी तिथे पहिल्यांदाच उघडं पाहिलं.

"तू काय सांगितलंस तिला?"

"तुम्ही इथं नाही म्हणून."

"का?"

मला दुसरं उत्तर शोधता आलं असतं. तुमच्यासाठी, म्हणता आलं असतं.

"चाचणी होती," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखाद्या ओळखीच्या माणसाची खूण पटवावी तसे बघत राहिले. मग टोपी घातली. "चल," म्हणाले.

दुकानापर्यंत ते माझ्यापुढे भराभर चालत राहिले. लाइन एका फटक्यात लागली. दाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मी बोलतोय." पलीकडून आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. "हो... जिवंत आहे... गुलमर्गला... सगळ्यांना विहिरीवरून घरी बोलव. आधी ते कर." पुन्हा पलीकडचा आवाज. "नाही, तिला बोलू नकोस. तिला काही माहीत नव्हतं. मी श्रीनगरला होतो इतके दिवस. आत्ता अर्ध्या तासापूर्वी हिच्यापुढे येऊन उभा राहिलो... हो. तिलाही धक्काच बसलाय."

मी दारातच उभी होते. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि तो नीट बसलाय की नाही ते दोनदा दाबून पाहिलं.

दुपारची सुमो होती. चाचांनी ते जुने बूट त्यांच्याकडेच राहू दिले. मी पिशवी घेऊन सोबत गेले.

"मी पण येते, दाजी. सांगते ताईला सगळं."

"काही सांगायचं नाही."

"पण..."

"ऐक. माझा राग तिला झेपेल. नवरा आहे, चार महिने बोलणार नाही, आदळआपट करेल, नंतर होईल कमी. तुझा राग तिला झेपायचा नाही. तू तिच्या कडेवर वाढलीयस." ते आत चढून बसले. खिडकीची काच खाली केली. "आणि हे बघ, तू निघून आलीस ते वाईट केलं नाहीस. काल केलंस ते वाईट केलंस. दोन्हींची गल्लत करू नकोस."

सुमो साखळ्या वाजवत वळणावरून खाली गेली.

मोठ्या स्पर्धेत मी नववी आले. आणखी दोन हिवाळे काढले, मग गुडघा गेला. अण्णा बोलायला लागले ते त्या नवव्या क्रमांकामुळे नव्हे. माझ्या आजारपणात आपोआप बोलायला लागले. मी आता पुण्यात मुलांना स्केटिंग शिकवते. दाजींनी कारखान्यात माफीपत्र लिहून दिलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत तिथेच काम केलं. घरी आल्यावर ताईने त्यांना एकच अट घातली. रोज संध्याकाळी एकट्याने बाहेर पडा, कुठे गेलात विचारणार नाही, पण दिवे लागायच्या आत या. ते अजून पाळतात.

गेल्या दिवाळीत मी ताईकडे गेले होते. दाजी फिरायला गेले होते. ताई पडवीत मेथी निवडत होती, मी शेजारी बसले होते. टीव्हीवर कुठल्यातरी डोंगरातला बर्फ दाखवत होते. ताई सहज बोलायला लागली.

"तो विहिरीचा दिवस आठवतो का गं? सगळे मळ्यात गेले. मला म्हणाले चल, मी गेले नाही. आदल्या दिवशी तू फोनवर म्हणाली होतीस ना, नक्की येतील, मी सांगते ना. इतकं ठाम म्हणालीस की मी उठले, भाकरी टाकली आणि जेवले. अकरा दिवसांत पहिल्यांदा."

पंधरा वर्षं दाजींचं ऐकलं होतं. त्या पडवीत ते ऐकवेना.

"ताई, तेव्हा ते माझ्याकडेच होते. तुझ्याशी बोलताना मला खिडकीतून दिसत होते."

तिचे हात थांबले. मी सगळं सांगितलं. दहा वाजताची चाचणी, दुसऱ्यांदा न फिरवलेला नंबर, पिठलं, दाजींनी माझ्यासाठी मारलेली थाप. मी संपवल्यावर तिने मेथीची काडी मोडली, पानं टोपलीत टाकली, दुसरी काडी उचलली.

"कितवी आली होतीस त्यात?"

"तिसरी."

तिने मान हलवली, टोपली उचलली आणि आत गेली. दाजी आले, जेवणं झाली. तिने मला नेहमीसारखी आग्रहाने दुसरी भाकरी वाढली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी सकाळी निघाले तेव्हा ती देवपूजेला बसली होती.

तीन महिने तिचा फोन आला नाही. मी केला की सई उचलायची, नाहीतर दाजी. "आंघोळीला गेलीय," दाजी म्हणायचे. आणि मग म्हणायचे, "बरं केलंस सांगितलंस ते. मला चुकीचं वाटत होतं, पण बरं केलंस."

फेब्रुवारीत एका सकाळी तिचा फोन आला. मी मुलांना घेऊन मैदानावर होते.

"ह्यांना परत एकदा बर्फ बघायचाय म्हणे," ताई म्हणाली. मधल्या तीन महिन्यांचं काहीच नाही. "आत्ता चहा पिताना म्हणाले. नेशील का?"

"नेते की."

"ने. माझे पाय दुखतात, मी येत नाही." मागे कपबशा धुतल्याचा आवाज येत होता. "आणि पोचलात की मला फोन कर. त्याच दिवशी."

"करते, ताई."

"त्याच दिवशी, वृषे," ती म्हणाली.